मदत हवी आहे: नाशिकला रुजणारी सक्युलंटची पानं ठाण्यात का कुजतात?

पश्चिमेची गॅलरी (ऑगस्ट)

नमस्कार मंडळी,

माझी ताई नाशिकला राहते. तिच्या गच्चीवर पन्नासेक कुंड्या आणि पसरट थाळ्यांमध्ये सक्युलंट, म्हणजे पाणी साठवणारी जाड मांसल पानांची झाडं, आहेत. त्यातली निम्मी तरी तिने पानापासून वाढवलीत. गळलेलं पान उचलायचं, कडेच्या रिकाम्या थाळीत टाकायचं आणि विसरून जायचं, एवढीच तिची पद्धत. महिन्या-दीड महिन्याने पानाच्या बुडाशी नखाएवढं रोप बसलेलं असतं. हे मी स्वतः पाहिलंय. आणि तीच पानं, तिनेच काढून दिलेली, माझ्याकडे ठाण्यात कुजतात. एकदा नाही, दोनदा झालं.

एरवी मी नाद सोडून दिला असता. पण ताईची इमारत पुनर्विकासाला जाते आहे. मार्चअखेर घर सोडायचंय आणि भाड्याने घेतलेल्या फ्लॅटला गच्ची नाही, स्वयंपाकघराबाहेर जेमतेम हातभर सज्जा आहे. बारा-तेरा वर्षं जमवलेली झाडं ती ओळखीच्यांना वाटून टाकणार आहे. प्रत्येकाचं एक तरी रोप माझ्याकडे जगावं, म्हणजे नव्या इमारतीत गेल्यावर तिला परत देता येईल, असं मी मनाशी धरलंय. तिला अजून सांगितलेलं नाही, कारण आधी मला जमायला हवं.

माझ्याकडची परिस्थिती सांगते. तिसरा मजला, पश्चिमेची गॅलरी, बाहेर ग्रिल. थंडीत साधारण अडीच ते साडेपाच थेट ऊन येतं. पावसाळ्यात ऊन नाही आणि वारा उलटा असला की तुषार आत येतात. माती नर्सरीतून आणलेली लाल, त्यात शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं. पानं मिठाईच्या प्लास्टिकच्या डब्यात मातीवर मांडली, ओल टिकावी म्हणून झाकण लावलं आणि एका व्हिडिओत बघून रोज सकाळी पाण्याचा फवारा मारला. पहिल्या खेपेला बुडाला रूटिंग पावडर (मुळं फुटावीत म्हणून लावतात ती) लावली होती, दुसऱ्या खेपेला दालचिनीची पूड.

आता काय झालं ते झाडागणिक.

ताई ज्याला ‘राखी गुलाब’ म्हणते ते, म्हणजे राखाडी-पांढरट जाड पानांचं, गुलाबासारखं उमललेलं झाड. मला वाटतं ही एचेव्हेरिया असावी. याची ४० पानं लावली. २७ पाणी भरल्यासारखी पारदर्शक पिवळी होऊन हात लावताच फुटली. ८ वाळून गेली. उरलेल्या ५ पानांना गुलाबी मुळं आली, पण दोन महिने झाले तरी कोंब नाही. ती पाच अजून आहेत आणि मी रोज बघते.

जेड. छोटी गोल पानं, तांबूस काडी. वीस पानं जूनपासून पडून आहेत. ना कुजली ना रुजली, नुसती सुरकुतली.

झेब्रा हॉवर्थिया. तीन पानं ओढून काढली, तिन्ही आठवड्यात काळी पडली.

पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट. एका लांब पानाचे चार तुकडे करून मातीत उभे केले. दोन कुजले, दोन सहा आठवडे ताठ उभे आहेत आणि बाकी काही नाही.

ताईला विचारलं तर म्हणते, “तू फार लाड करतेस.” ते खरं असेलही. पण मी पाणी कमी केलं तेव्हा आठ पानं वाळलीच की. माझं नेमकं काय चुकतंय? माती, झाकण, ऋतू की ठाण्याची हवाच? आणि मार्चपर्यंत हातात असलेल्या वेळात कुठल्या झाडासाठी काय करू? कृपया अनुभवातलं सांगा.

---

लाल माती (त्याच रात्री)

आधी झाकण काढा. बाकीचं मग.

पान पारदर्शक झालं म्हणजे ते कुजलं, आणि ते जास्त पाण्यानेच होतं. सक्युलंटचं पान ही पाण्याने भरलेली पिशवी आहे. मुळं फुटेपर्यंत लागणारं पाणी त्याच्या पोटात असतं, बाहेरून द्यावं लागत नाही. तुम्ही त्याला ओल्या मातीवर, बंद डब्यात, श्रावणातल्या ठाण्यात ठेवलंत. तोडलेली जागा अजून उघडी होती, तिथून बुरशी आत शिरली. दालचिनी किंवा पावडर लावून हे थांबत नाही. पान तोडलं की तीन ते पाच दिवस सावलीत, कागदावर, कोरडं पडू द्या. तुटलेल्या जागी खपली धरली की मग मातीवर नुसतं आडवं ठेवा, पुरू नका.

पाणी केव्हा? मुळं दिसल्यावर. तेही पानावर नाही, मुळाजवळच्या मातीवर चमच्याने, आणि माती पूर्ण सुकल्याशिवाय पुन्हा नाही. तुमची आठ पानं वाळली ती पाणी कमी पडल्याने वाळली असं मला वाटत नाही. बहुतेक ती बुडाशी अर्धवट तुटलेली असणार. ओढताना पानाचा तळ झाडालाच राहून गेला तर ते पान कितीही दिवस हिरवं राहील, पण त्यातून रोप येणार नाही. कोंब त्या तळाच्या पेशींतूनच येतो. पान धरून डावीकडे-उजवीकडे हलकं हलवायचं, ‘टक’ करून सुटतं. खालची जुनी पानं घ्या, पण सुरकुतलेली नकोत.

आणि हो, तुमचा राखी गुलाब एचेव्हेरिया नाही. जरा धक्का लागला की पान गळतं का? खोड लांबून कुंडीबाहेर लोंबतं का? तसं असेल तर ते ग्रॅप्टोपेटॅलम पॅराग्वेएन्से, नर्सरीत घोस्ट प्लांट म्हणतात. नावात पॅराग्वे असलं तरी मूळचं मेक्सिकोचं. पानापासून वाढणाऱ्या झाडांत याच्याइतकं सोपं क्वचितच दुसरं मिळेल, त्यामुळे तुमच्याकडे ते जमणार याबद्दल मला शंका नाही. आत्ता मात्र एकही पान लावू नका. कोजागिरी होऊ द्या.

---

माजी शिक्षिका

मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, म्हणून ‘ठाण्याची हवाच का?’ या प्रश्नाबद्दल थोडं लिहिते. तुमचा तो अंदाज बरोबर आहे.

बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. कोरड्या मुलखातल्या या मांसल झाडांना ते परवडत नाही, दिवसा रंध्रं उघडली तर साठवलेलं पाणी उडून जाईल. म्हणून ती रात्री उघडतात, घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रं मिटून त्याचं अन्न करतात. याला क्रॅसुलेशियन आम्ल चयापचय म्हणतात. नाव क्रॅसुला कुळावरून आलंय, तुमचा राखी गुलाब त्याच कुळातला.

याचा सुगावा लागला तो आपल्या पानफुटीवरून. मद्रासेत काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांच्या लक्षात आलं की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारी त्याला चव उरत नाही आणि संध्याकाळी ते किंचित कडू लागतं. १८१५ साली त्यांचं ते निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापलं गेलं. रात्री साठलेलं आम्ल दिवसभरात खर्च होतं, म्हणून चव बदलते. मी वर्गात हे सांगितलं की पोरं दुसऱ्या दिवशी पानफुटी शोधत हिंडायची.

आता तुमच्या गॅलरीकडे वळू. रात्र गार असेल तर ही साठवण नीट होते. ठाण्यात जून ते सप्टेंबर रात्रीही उकाडा आणि दमट हवा. झाड श्वसनात जास्त खर्च करतं, पानातलं पाणी उडत नाही, माती सुकत नाही, आणि बुरशीला हवं ते सगळं मिळतं. नाशिक घाटमाथ्यापलीकडे, सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. तिथे पाऊस तुमच्यापेक्षा कितीतरी कमी आणि रात्री गार. ताईंच्या ‘टाकायचं आणि विसरायचं’ या पद्धतीचा अर्धा भार नाशिकची हवा उचलते.

स्नेक प्लांटबद्दल दोन गोष्टी. तुकडा उलटा लावला तर मुळं येत नाहीत, पानाचं जमिनीकडचं टोक खालीच राहायला हवं. कापताना त्या बाजूला पेनाने खूण करत जा. तुमच्या कुजलेल्या दोन तुकड्यांत हे झालं असण्याची शक्यता आहे. दुसरं, उभे असलेले दोन तुकडे जगले तरी त्यातून येणारं पिल्लू साधं हिरवं असेल. तो पिवळा काठ पानाच्या बाहेरच्या थरांतल्या पेशींचा असतो आणि पानाच्या तुकड्यातला नवा कोंब आतल्या हिरव्या पेशींतून येतो. ताईंना पिवळ्या काठाचंच परत द्यायचं असेल तर मातीतल्या गड्ड्यासकट पिल्लू वेगळं करून आणा.

---

पश्चिमेची गॅलरी

@लाल माती, हो! लोंबतं आणि हात लागला की गळतं. झाकण आत्ताच काढलं.

@माजी शिक्षिका, तुमचं वाचून मी ताईला फोन केला आणि पानफुटीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, शाळेत असताना आम्ही दोघींनी पानफुटीचं पान वहीत ठेवून त्याला रोपं आणली होती. मी साफ विसरले होते. पानाच्या काठावर खाचेखाचेत रोपं आली होती. मग विचारायचं राहिलं: पानफुटीला काठावर येतात, तसं बाकीच्यांना का येत नाही?

---

माजी शिक्षिका

पानफुटीच्या काठाच्या प्रत्येक खाचेत वाढीच्या पेशींचा पुंजका आधीपासून तयार असतो. ग्रॅप्टोपेटॅलमला तो पानाच्या तळाशी तयार करावा लागतो. कोरफडीच्या पानात तसं काही होतच नाही, म्हणून कोरफडीचं पान कितीही जपा, ते सुकून किंवा कुजून जातं. हॉवर्थिया कोरफडीची जवळची नातलग. तिच्या पानाबरोबर खोडाचा बारीकसा तुकडा निघाला तर कधीतरी जमतं. तुमची तीन पानं काळी पडली याचं वाईट वाटून घेऊ नका.

---

सडा आणि चिरा

रत्नागिरीहून लिहितोय, तेव्हा दमट हवा आणि पाऊस यांचं मला सांगू नका. अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलून माझ्याकडे सक्युलंट आहेत, त्यामुळे कोकणपट्टीत होतच नाही असं समजू नका.

माती बदला. लाल माती आणि कोकोपीट एकत्र केलं की पावसाळ्यात त्याचा गोळा होतो आणि चार-चार दिवस आत ओल राहते. शेणखत रोपं लावायला अजिबात नको. मी निम्म्याहून जास्त खरखरीत माल घेतो: चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा भुगा, चाळून वरचे खडे घेतलेले, नाहीतर विटेचा चुरा. तो हरभऱ्याच्या डाळीएवढा हवा. त्यात थोडा कोळसा आणि मूठभर जुनी माती. ठाण्यात चिरा मिळणार नाही, पण बांधकामाजवळ विटांचे तुकडे मिळतात. धुऊन घ्या, पीठ निघून जाऊ द्या. परलाइट (खनिजाचे हलके पांढरे दाणे) मिळत असेल तर तेही चालतं. समुद्राची वाळू मात्र कोणी फुकट दिली तरी घालू नका, मीठ असतं. ओंजळभर पाणी ओतलं तर दहा सेकंदांत खालच्या भोकातून बाहेर आलं पाहिजे, ही माझी परीक्षा.

दुसरं. तुमच्याकडे मार्चपर्यंतच वेळ आहे, मग सगळी मदार पानांवर का ठेवता? पानापासून बोटाएवढं रोप व्हायला सहा-आठ महिने सहज जातात. राखी गुलाबाचे शेंडे आणा. दोन-तीन इंच खोड ठेवून शेंडा कापायचा, खालची चार-पाच पानं काढायची (तीच पानं लावायला होतात), आठवडाभर शेंडा रिकाम्या ग्लासात अधांतरी उभा ठेवायचा आणि मग कोरड्या मिश्रणात खोचायचा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतो. नाशिकला उरलेल्या खोडालाही बाजूने दोन-तीन नवे शेंडे फुटतात, म्हणजे ताईंचं झाड कमी होत नाही.

तुमचं ‘जेड’ बहुतेक खरं जेड नाही. नर्सरीत त्या नावाने जी छोट्या पानांची, तांबूस काडीची झुडपं विकतात ती पोर्टुलॅकॅरिया. खऱ्या जेडचं, म्हणजे क्रॅसुला ओव्हाटाचं पान रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठं असतं आणि ते पानापासून येतं. पोर्टुलॅकॅरियाच्या पानांच्या नादी लागू नका, काडी लावा. दक्षिण आफ्रिकेत हत्ती हिच्या फांद्या ओरबाडून खातात आणि खाली सांडलेले तुकडे तिथेच रुजतात. इतकी चिवट आहे ती. चार इंचाच्या काड्या, दोन-तीन दिवस सुकवून, बस्स.

---

गोदाकाठ

नाशिकची आहे म्हणून राहवलं नाही. आमच्याकडेही जुलै-ऑगस्टात पानं कुजतात हो. तुमच्या ताई तेव्हा थाळ्या शेडखाली सरकवत असतील, विचारून बघा.

एक काळजीची गोष्ट. झाडं आणताना पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर ते पिठ्या ढेकूण. माझ्याकडे एका भेट आलेल्या कुंडीतून आले आणि सगळ्या संग्रहात पसरले. आणलेली रोपं पंधरा दिवस वेगळी ठेवा. थोडे असतील तर कानाच्या काडीला सर्जिकल स्पिरिट लावून एकेक टिपा. कुंडीतून काढून मुळंही बघा, मुळांवर राहणारे वरून दिसतच नाहीत.

आणि ताईंच्या संग्रहात शेराच्या जातीतलं, कापल्यावर दूध येणारं काही असेल तर हातमोजे घालून कापा. तो चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, डॉक्टरकडे जावं लागतं. चीक थांबेपर्यंत काडीचं टोक पाण्यात धरायचं आणि मग सुकवायची.

---

पश्चिमेची गॅलरी (सप्टेंबर)

विचारलं. @गोदाकाठ, अगदी बरोबर! गणपतीपर्यंत तिच्या सगळ्या थाळ्या जिन्याच्या पत्र्याखाली असतात. “यात काय सांगायचं, हे तर कुणीही करेल,” म्हणाली. मी दर वेळी दिवाळीत किंवा मे महिन्यात जाते, म्हणून मला कधी दिसलंच नव्हतं.

ती पाच मुळं आलेली पानं मी विटेच्या चुऱ्यावर हलवली आहेत. एक गेलं. चार आहेत.

---

लाल माती

त्या चारांना उजेड पुरतोय का बघा. मुळं आली आणि कोंब नाही, तर कधी कधी प्रकाश कमी असतो. ग्रिलच्या अगदी कडेला ठेवा, पण पाऊस लागणार नाही असं. ऑक्टोबरचं ऊन मात्र एकदम देऊ नका, पानं भाजून तपकिरी डाग पडतात. पातळ पांढरा कपडा धरा.

---

पश्चिमेची गॅलरी (जानेवारी)

संक्रांतीच्या शुभेच्छा मंडळी. उशिरा लिहिते आहे, पण मोजून लिहायचं होतं.

दिवाळीत नाशिकला गेले तेव्हा ताईला सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही, आत जाऊन कात्री घेऊन आली. दोघींनी मिळून राखी गुलाबाचे चार शेंडे, पोर्टुलॅकॅरियाच्या आठ काड्या, हॉवर्थियाची मुळांसकट तीन पिल्लं आणि पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचं एक पिल्लू काढलं. सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून, कोरडंच, चपलांच्या खोक्यात घालून आणलं. बेचक्यांत एका ठिकाणी पांढरं दिसलं, ते रोप पंधरा दिवस खिडकीत वेगळं ठेवलं आणि स्पिरिटने टिपलं. पुन्हा दिसलं नाही.

शेंडे चारही धरले. काड्या आठातल्या सात. हॉवर्थियाला मधून नवं पान येतंय. स्नेक प्लांट आहे तसाच आहे, पण मुळं घट्ट आहेत, हलवून पाहिलं. पावसाळ्यापासून उभ्या असलेल्या दोन जुन्या तुकड्यांतल्या एकाच्या बुडाशी मातीतून हिरवं टोक वर आलंय, आणि @माजी शिक्षिका, काठ पिवळा नाही!

पानं ३० लावली होती, भाऊबीजेनंतर आठवड्याने. पाच दिवस कागदावर, मग विटेचा चुरा, झाकण नाही, फवारा नाही. काल मोजली. १९ पानांना मुळं आणि रोप दोन्ही. ६ ना फक्त मुळं. ५ वाळली. कुजलं एकही नाही. पहिलं रोप दिसलं तेव्हा मी ताईला फोटो पाठवला, तर तिने तो मोठा करून पाहिला आणि विचारलं, “हे माझ्या निळ्या थाळीतल्याचं ना?” एवढ्याशा रोपावरून तिने ओळखलं.

जुन्या चार पानांतलं एक अजून मुळांवरच आहे, बाकी तिघांना छोटे कोंब आलेत.

आता एकच विचारायचंय. रोपं मसुराएवढी झालीत आणि मूळ पान सुरकुतून मऊ पडलंय. ते काढून टाकू का? कुजून रोपाला लागेल अशी धास्ती वाटते.

---

लाल माती

मनापासून आनंद झाला.

काढू नका. सुरकुततंय म्हणजे ते आपलं पाणी रोपाला देतंय. पूर्ण वाळून कागदासारखं झालं की हात लावताच सुटेल. काळं-ओलं पडलं तरच वेगळं करा, आणि तेही रोप दुसऱ्या हाताने धरून.

---

सडा आणि चिरा

मे महिन्याच्या शेवटी ट्रे घरात, उजेडाच्या खिडकीशी घ्या. तोपर्यंत ती बोटाच्या पेराएवढी झालेली असतील. जूनपासून पंधरा दिवसांतून एकदाच पाणी, तेही माती सुकली असेल तर. आणि ताईंचं घर सोडायच्या आधी एकदा तिथे जाऊन राहिलेल्यांचे शेंडे आणा, फेब्रुवारी उत्तम.

---

पश्चिमेची गॅलरी

तिकीट काढलंय, फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारचं. चपलांची चार खोकी जमवून ठेवलीत.